चार्ज दिल्याशिवाय

न्हाणीघरातल्या भिंतीवरच्या आधाराच्या दांड्याला मी दोन्ही हातांनी लटकलो होतो आणि पाय जमिनीवरून उचलले होते, तेवढ्यात दार ढकलून इन्चार्ज बाई आत आल्या. दाराशी उभ्या राहून बघत राहिल्या. मीही लगेच खाली उतरलो नाही. लटकलोच आहे तर पुरतं लटकावं, चोरी पकडल्यासारखं कशाला करायचं?

"झालं का काका?" शेवटी त्यांनी विचारलं.

"धरतोय. स्क्रू पार आतपर्यंत गेलेत."

"पलीकडच्या न्हाणीघरातला मात्र हलतो. तिथं लटकू नका. माणूस येणारे उद्या बसवायला, तोवर आम्ही त्या दाराला कुलूप घातलंय."

माझी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. "आमच्या लिफ्टला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच आलात" असं म्हणणारा माणूस भेटला, की मी आधी त्याची लिफ्ट बंद करायचो आणि मग हत्यारांची पेटी उघडायचो. त्यामुळे न विचारता आपल्याच घरातला हलता दांडा सांगणारी बाई बघून मला बरं वाटलं. आमच्या हिला इथं ठेवायला हरकत नाही, असं त्याच क्षणी मनाशी ठरलं. तोंडाने अर्थातच काही बोललो नाही. कुणाची तोंडावर स्तुती करायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. "तुमच्या तोंडून चांगला शब्द काढायचा तर पक्कड लागते," असं आमची ही कायम म्हणायची.

ही म्हणजे माझी बायको. मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. आमच्या इमारतीत तिला नावाने कुणी ओळखत नसे, सगळ्यांची ती सिस्टरच. भांडण झालं की मीही सिस्टर म्हणायचो आणि मग ती अजूनच चिडायची. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. एकदा मला म्हणाली, भेटायची वेळ संपली, नातेवाइकांनी बाहेर थांबा. बोलण्यात इतका दरारा होता, की मी मुकाट्याने स्वतःच्या घरातून उठून जिन्यात जाऊन बसलो.

या वृद्धाश्रमाआधी तिला दुसऱ्या एका वृद्धाश्रमात ठेवली होती. फरश्या चकचकीत, दारात फुलझाडं, ऑफिसात गोड बोलणारा माणूस. भेटायची वेळ सकाळची. एकदा मी न सांगता संध्याकाळी गेलो, तर हिला चादरीने खुर्चीला बांधलेलं. गाठ पाठीमागे मारली होती, तिला दिसू नये अशी. पडू नयेत म्हणून हो, असं तिथली बाई म्हणाली. मी भांडखोर माणूस, पण त्या दिवशी भांडत बसलो नाही, गाठ सोडायला लागलो. ही मला हळूच म्हणत होती, की लवकर करा, तिकडे पेशंट खोळंबलेत.

त्याच दिवशी तिला घरी आणली. घरी मी सांभाळत होतो, म्हणजे सांभाळतोय अशी माझी समजूत होती. माझा डोळा लागला आणि ती बाहेर पडली. भाजीवाल्याने रस्त्यावरून हाताला धरून परत आणली. पायात चपला नव्हत्या. तेव्हा माझी खात्री पटली, की हे एकट्याचं काम नाही. परगावी असलेल्या मुलाने ही नवी जागा शोधली आणि मी दांड्यांना लटकायला आलो. माझं मागणं एवढंच होतं, की हिला पुन्हा कुणी बांधू नये.

सकाळ इथं बरी जायची. ही खिडकीत बसायची, चहा घ्यायची, शेजारच्या पलंगावरच्या चष्मेवाल्या आजींची वेणी घालून द्यायची. पण उन्हं उतरली की तिच्या अंगात काय यायचं कोण जाणे. या पलंगावरून त्या पलंगावर फिरायची, कपाळांना हात लावायची, चादरी ओढून सरळ करायची. तिकडचे कंडक्टर आजोबा तर ती आली की डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. बसा म्हटलं की बसायची नाही. जेवणाचं ताट समोर आणलं की ढकलून द्यायची. हाताला धरलं तर झिडकारायची. एकदा तिथं कामाला असलेल्या एका मावशींना तिने फटका मारला आणि मग स्वतःच रडत बसली. दमून पाय लटपटायला लागले तरी फिरणं थांबायचं नाही, आणि त्या पायांनी ती कधीतरी पडणार हे मला दिसत होतं.

आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर म्हणाले, संध्याकाळची एक गोळी सुरू करू, शांत पडून राहतील. मुलगाही फोनवर तेच म्हणाला, बाबा, देऊ द्या ना, तिलाही त्रास कमी. मला ती गोळी म्हणजे आतून बांधलेली चादर वाटली. पण मी डॉक्टर नाही. मी काय सांगणार होतो?

इन्चार्ज बाईंनी डॉक्टरांकडे थोडे दिवस मागून घेतले. मग मला ऑफिसात बोलावलं, चहा पुढे ठेवला आणि विचित्रच प्रश्न विचारला.

"काका, सिस्टर ड्यूटी संपवून घरी निघायच्या, तेव्हा शेवटचं काम काय करायच्या?"

झालं. माझ्या दुखऱ्या दातावरच त्यांनी बोट ठेवलं. मी म्हटलं, मला काय विचारता, मी कायम गेटबाहेर. लग्न झाल्यापासून संध्याकाळी स्कूटर घेऊन हॉस्पिटलच्या गेटबाहेर उभा. हिची ड्यूटी संपलेली असायची, पण ही काही बाहेर यायची नाही. का, तर रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आलेली नाही. रिलीव्हर आली तर म्हणे चार्ज देतेय, कुठल्या पेशंटचं काय ते तिला सांगतेय. अहो, किती सिनेमे अर्ध्यातून बघितले आम्ही. पाहुणे जेवून हात धुवायला उठायचे तेव्हा आम्ही दारात. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी पोचलो तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करत होता. आणि हिला काही बोललं की एकच उत्तर ठरलेलं, चार्ज दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही.

चहावर साय धरली तरी माझं चालूच होतं.  माझी वाफ संपल्यावर इन्चार्ज बाई म्हणाल्या, "चार्ज कसा द्यायच्या? टेबलापाशी उभं राहून?"

"छे. प्रत्येक पलंगापाशी नेऊन. म्हणून तर उशीर."

बाईंनी खुर्चीला डोकं टेकलं.

"मीसुद्धा हॉस्पिटलातच शिकले, काका," त्या म्हणाल्या. "आणि इतके दिवस मला कळलं नाही. मला वाटायचं, त्या घरी जायला धडपडतायत. तसं नाही. त्यांना घरी जाता येत नाहीये. त्यांच्याकडून कुणी चार्जच घेतलेला नाही."

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर ही उठली आणि फिरायला लागली. इन्चार्ज बाईंनी केस नीट केले, हात पुसले आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर, माझी ड्यूटी सुरू झाली. चार्ज घेऊ?"

हिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "उशीर केलात," ती म्हणाली.

"हो. चुकलं माझं."

"चला."

मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून बघत होतो. ही पहिल्या पलंगापाशी गेली. म्हणाली, ह्यांनी दुपारी जेवण टाकलंय, संध्याकाळी विचारा. पुढच्या पलंगाचं सलाईन संपत आलंय. सलाईन नव्हतंच तिथं, पण बाईंनी वर बघून मान हलवली. कंडक्टर आजोबांपाशी येऊन म्हणाली, हे झोपलेले नाहीत, सोंग आहे. आजोबांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. मला हसू आवरेना. चष्मेवाल्या आजींपाशी ती वाकली आणि म्हणाली, टाच बघा ह्यांची. बाईंनी पांघरूण बाजूला करून खरोखर टाच बघितली. तशा त्या प्रत्येक पलंगापाशी थांबून, ती सांगेल ते बघत होत्या, खरं असो की जुन्या वॉर्डातलं असो. आजींच्या टाचेवर पडून पडून लालसर डाग धरला होता. बाईंनी लगेच टाचेखाली मऊ घडी ठेवली आणि हिला म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." त्या आवाजात खोटं काही नव्हतं. लिफ्टच्या मोटरचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते मी ओळखत आलो, एवढं तर मला कळतं.

शेवटच्या पलंगापाशी बाई म्हणाल्या, "घेतला चार्ज, सिस्टर. तुम्ही निघा आता."

हिने एक मोठा श्वास सोडला. बेसिनपाशी गेली, कोपरापर्यंत हात घासून धुतले, पुसले. मग खुर्चीवर येऊन बसली आणि ताट पुढे ओढून जेवायला लागली. भूक लागलेल्या माणसासारखी जेवली हो. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. ज्या चार्जला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्यानेच तिला सोडवलं होतं.

गोळी सुरूच झाली नाही. रोज संध्याकाळी जी कुणी ड्यूटीवर येई, ती हिच्याबरोबर फिरून चार्ज घेई. मी दुपारपासून येऊन स्टुलावर बसायचो. मला ती आता ओळखत नव्हती, कुणातरी पेशंटचा नातेवाईक समजायची. पण ती शांत जेवते आणि शांत झोपते, हे बघून मी घरी जायचो आणि मलाही झोप लागायची.

मग ते घडलं. इन्चार्ज बाई रजेवर होत्या, आणि मीही त्या दिवशी बँकेच्या कामात अडकून गेलो नव्हतो. संध्याकाळी नुकतीच लागलेली एक नर्स मुलगी ड्यूटीवर होती, आणि दोन मावशींपैकी एक आजारी. ही त्या मुलीपुढे उभी राहिली, तर ती बिचारी औषधं काढत होती. जागेवरूनच म्हणाली, हो सिस्टर, घेतला चार्ज, बसा तुम्ही. ही बसली नाही. त्या मुलीने मग तिला हाताला धरून पलंगावर निजवलं आणि कामाला गेली. चार्ज असा घेत नाहीत, हे बाकी सगळं विसरलेल्या माझ्या बायकोला पक्कं माहीत होतं. ती उठली, एकटीच पलंगापलंगाने निघाली आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून तिचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं.

मला फोन आला तो इन्चार्ज बाईंचा. रजा सोडून त्या हॉस्पिटलात पोचल्या होत्या.

"काका, सिस्टर पडल्यात. खुबा मोडलाय. चूक आमची आहे," त्या म्हणाल्या, आणि कसं झालं ते एकही गोष्ट न गाळता सांगितलं.

फोनवर मुलाचा पारा चढला. तक्रार करू, तिथून हलवू, बाबा तुम्ही गप्प बसू नका. मी आणि गप्प? वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत गेलो होतो, एकेक असं की समोरच्याने तोंड लपवावं. हॉस्पिटलच्या बाकावर इन्चार्ज बाई होत्या आणि शेजारी ती नवी मुलगी, डोळे सुजलेले. मला बघून दोघी उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, मुलीला ओरडू नका, नव्या मुलीला एका मावशीच्या भरवशावर ठेवून मी रजेवर गेले, त्याचा जाब मी द्यायचा आहे.

लिफ्टचा अपघात झाला की मालक म्हणतो दोर जुना होता, वॉचमन म्हणतो लोकांनी गर्दी केली, कंपनी म्हणते देखभाल आमच्याकडे नव्हती. चूक आमची, असं मी अख्ख्या नोकरीत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या बाईंनी ते फोनवर पहिल्या झटक्याला सांगितलं होतं. जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. मी मुलीला म्हटलं, माझी माफी मागू नको, तिच्याकडे जा.

ती आत गेली. ही पडून होती, डोळे छताला. मुलीला बघून म्हणाली, "चार्ज घेतला का कुणी?"

"घ्यायला आलेय, सिस्टर," मुलगी म्हणाली. "सांगा."

हिने सांगितलं. सगळं, पलंगापलंगाने, वेदनेने मध्येमध्ये थांबत. मुलगी तिचा हात धरून प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. मी मुलाला फोन करून सांगितलं, आई परत तिथंच जाणार. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला झालंय काय? मी म्हटलं, हे लोक स्वतःचा हलता दांडा स्वतः सांगतात रे. मला आणखी काय पाहिजे?

परत आलो तर तिथं बदल झालेला. फरशी पुसायची वेळ बदलली होती, संध्याकाळी दोनाच्या तीन मावशी झाल्या होत्या, आणि नर्स मुलींनी आपापसातला चार्जही टेबलापाशी द्यायचा नाही, पलंगापलंगाने फिरूनच द्यायचा, असं ठरलं होतं. मला त्यांनी हे काही सांगितलं नाही. मी स्टुलावर बसल्या बसल्या बघितलं.

हिचं चालणं संपलं. आता चाकांच्या खुर्चीतून फेरी निघायची, नवी मुलगी मागून ढकलायची, इन्चार्ज बाई शेजारून चालायच्या. बोलणं कमी कमी होत गेलं. आधी प्रत्येक पलंगापाशी दोन वाक्यं, मग एक शब्द, मग नुसता पलंगाच्या कठड्याला हात. तरी कुणी घाई केली नाही. हात उचलेपर्यंत दोघी थांबायच्या आणि मग म्हणायच्या, कळलं सिस्टर.

एका संध्याकाळी शेवटचा पलंग झाला. बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, घेतला चार्ज, निघा आता. पण हिने हात वर केला. माझ्याकडे बघत होती. मुलीने खुर्ची माझ्या स्टुलापुढे आणून उभी केली. 

"हे राहिले," ती म्हणाली.

"हे कोण, सिस्टर?" बाईंनी विचारलं.

"बाहेर असतात. गेटपाशी." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कधीचे थांबलेत. बोलत नाहीत काही. जेवलेत का ते विचारत जा. ह्यांचं कुणी बघत नाही." कित्येक दिवसांत ती एवढं सलग बोलली नव्हती.

माझ्याच्याने मान वर करवेना. मी तिचा हात बघत राहिलो. इन्चार्ज बाई माझ्या बाजूला आल्या. प्रत्येक पलंगापाशी थांबत तेवढ्याच त्या इथेही थांबल्या.

"ह्यांचाही घेतला चार्ज, सिस्टर," त्या म्हणाल्या. "तुम्ही निघा."

हिने मोठा श्वास सोडला. तिला बेसिनपाशी नेलं, मुलीने तिचे हात धुतले आणि नेहमीसारखी ती जेवली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. एका सकाळी चहाआधी गेली, झोपेतच. कुठे जखम नव्हती, टाचा स्वच्छ होत्या, केस विंचरलेले होते. मुलगा आला, इन्चार्ज बाईंपुढे हात जोडून उभा राहिला आणि त्याला काही बोलता आलं नाही. मला मात्र आलं. मी म्हटलं, तुम्ही माझ्या बायकोला बांधलं नाहीत. बाई म्हणाल्या, काका, तुमच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. माझ्या पकडीची गोष्ट हिने त्यांना कधी सांगितली, देव जाणे.

मुलगा दिवस उरकून परत गेला. दुपारी मी सवयीने चपला घातल्या आणि मग लक्षात आलं, की आता जायचं कुठे? चपला काढल्या आणि बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्या मुलीचा फोन.

"काका, आला नाहीत?"

"आता माझं काय काम तिथं?"

"काम तुमचं नाही, आमचं आहे," ती म्हणाली. "सिस्टरनी चार्ज दिलाय. जेवलात का?"

जेवलो नव्हतो.

तेव्हापासून मी पुन्हा जातो. दांडे, कड्या, पलंगांची चाकं बघतो, काही ढिलं असेल तर पिळून देतो. कंडक्टर आजोबांशी भांडतो, त्यांनाही बरं वाटतं. उन्हं उतरली की स्टुलावर येऊन बसतो. नर्स मुलींची ड्यूटी बदलते, जाणारी आणि येणारी पलंगापलंगाने फिरत येतात आणि सगळ्यात शेवटी माझ्या स्टुलापाशी थांबतात. जाणारी सांगते, काका, दुपारचं नीट जेवलेत, गुडघा दुखतोय पण बोलणार नाहीत. येणारी माझ्याकडे बघते आणि म्हणते, घेतला.

मग मी बेसिनपाशी जातो, कोपरापर्यंत हात धुतो आणि घरी निघतो.